दोष नेमका कोठे आहे? : नांदेड-लातूर परिसरातील संगणकी अडचणींचा आढावा

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत संगणक हे यंत्र आधी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, मग बँकांत व सरकारी कचेऱ्यांत, आणि अखेरीस गावोगावच्या सेवा केंद्रांत व माणसामाणसाच्या खिशात अशा क्रमाने येऊन पोहोचले. नांदेडला १९८१ साली श्री गुरू गोविंदसिंहजी यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, पुढच्याच वर्षी उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला, १९९४ साली विष्णुपुरी येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले, आणि २००१ नंतर महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्यातालुक्याच्या गावी माउस हाती धरणारी पहिली मोठी पिढी तयार केली. आज सातबाराचा उतारा, पीकविमा, शिधा, शिष्यवृत्ती, निराधारांचे अनुदान, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा अर्ज यांपैकी एकही गोष्ट या यंत्राला वगळून पदरात पडत नाही. आणि यंत्र अडले की त्याच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाचा हक्कही तेथेच अडून बसतो.

संगणकाची दुरुस्ती हा ज्यांचा व्यवसाय आहे अशा आमच्यासारख्यांकडे तक्रार येते ती बहुधा ठरलेल्या शब्दांतच येते : 'हँग मारतंय', 'चालूच होईना', 'नेट नाही', 'अंगठा येईना'. या तक्रारींचा माग काढीत दीर्घकाळ काम केल्यानंतर माझे मत असे बनले आहे की, ज्याला आपण सरसकट 'कॉम्प्युटर बिघडला' म्हणतो त्या बिघाडाचा मोठा हिस्सा संगणकाच्या पेटीबाहेर असतो. तो कधी विजेच्या तारेत, कधी अंगणातल्या कोरड्या मातीत, कधी अक्षरांच्या संकेतव्यवस्थेत, तर कधी दोन सरकारी दप्तरांत पडलेल्या एकाच माणसाच्या दोन नावांत दडलेला असतो, आणि त्याचे ठिकाण निश्चित न करता केलेला इलाज ग्राहकाचे पैसे, वेळ आणि पुष्कळदा त्याचा पुन्हा न मिळणारा संग्रह खर्ची घालतो. 'फॉरमॅट मारून द्या' ही आमच्या भागात सर्वांत अधिक ऐकू येणारी मागणी आहे. ज्या उपायाचा अवलंब अखेरीस करावयाचा तो येथे आरंभीच केला जातो, कारण त्याचा दर ठरलेला असतो, तासाभरात काम उरकते आणि यंत्र काही दिवस तरी नव्यासारखे धावते. परंतु बिघाडाचे मूळ वीजपुरवठ्यात वा सैल बसलेल्या रॅममध्ये असेल तर तेच दुखणे महिन्याभरात परत येते, आणि दरम्यान मुलीच्या लग्नाची छायाचित्रे वा पतसंस्थेच्या वसुलीचे तक्ते मात्र कायमचे गेलेले असतात.

आमच्याकडील पुष्कळशा दुखण्यांचा उगम विजेत आहे, म्हणून तिच्याविषयी जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाने यावी असे मानक आहे. परंतु रब्बीच्या हंगामात विहिरींवरचे व बोअरवरचे पंप एकाच वेळी सुरू झाले की गावच्या डीपीवरील भार वाढून हा दाब फार खाली येतो, आणि पंप बंद होताच तो एकदम उसळतो. दाब कमी झाला असता संगणकाचा वीजपुरवठा-संच, ज्याला सगळे एसएमपीएस म्हणतात, तेवढीच शक्ती मिळविण्यासाठी अधिक प्रवाह ओढतो, तापतो, आणि कालांतराने त्यातील कपॅसिटरांची डोकी फुगू लागतात. अशा स्थितीत यंत्र चालू होते पण काम वाढताच आपोआप बंद पडते, आणि मालकाला वाटते की विषाणू शिरला. याहून घातक प्रकार न्यूट्रलची तार तुटण्याचा. तीन फेजांच्या वाहिनीतील न्यूट्रल सुटली म्हणजे ज्या घरांवर भार कमी आहे त्या घरांत २३० च्या जागी तीनशेहून अधिक व्होल्ट शिरतात, आणि एका क्षणात गल्लीतील दूरचित्रवाणी संच, चार्जर, राउटर, मॉडेम एकदमच निकामी होतात. अशा दिवशी दुरुस्तीला आलेल्या यंत्रांचे पत्ते पाहिले की तार कोणत्या गल्लीत तुटली ते न विचारता कळते.

२००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी इन्व्हर्टर आले, आणि त्यांच्याबरोबर एक नवी तक्रार आली : इन्व्हर्टर असूनही लाइट गेली की कॉम्प्युटर बंद पडतो. याचे कारण असे की, पंखा आणि दिवा यांना क्षणभराचा खंड सोसतो, संगणकाला तो सोसत नाही. वीज जाऊन बॅटरीवर येण्यास इन्व्हर्टरला जो अल्पकाळ लागतो तेवढ्यात त्याचा वीजपुरवठा-संच निवतो आणि यंत्र नव्याने सुरू होते. पुष्कळ घरगुती इन्व्हर्टरांच्या मागील बाजूस यासाठीच एक लहान कळ दिलेली असते. ती 'यूपीएस' या स्थितीत सरकविली की हा खंड काही मिलिसेकंदांवर येतो आणि तक्रार मिटते. हा उपाय फुकट आहे, तरीही त्याऐवजी नवा यूपीएस विकत घेतल्याची उदाहरणे आमच्या व्यवसायात नित्य पाहावयास मिळतात, आणि विक्रेत्याने ती कळ दाखविली नाही याचे मला वाईट वाटते.

अर्थिंगचा प्रश्न त्याहूनही दुर्लक्षित. 'कॅबिनेटला हात लावला की करंट मारतोय' ही तक्रार घेऊन येणारा ग्राहक यंत्रच सदोष आहे असे गृहीत धरतो. वास्तविक एसएमपीएसच्या मुखाशी विजेतील गडबड गाळण्यासाठी जे कपॅसिटर बसविलेले असतात, त्यांना आपला अल्पसा प्रवाह जमिनीत सोडावयाचा असतो, आणि जमिनीकडे जाणारी वाट बंद असेल तर सगळ्या धातूच्या पेटीवर पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास दाब तरंगत राहतो. या प्रवाहाने माणसाला फारशी इजा होत नाही, परंतु त्याच पेटीला प्रिंटर, स्कॅनर वा पेनड्राइव्ह जोडला असता पोर्ट जळण्याची शक्यता असते. आमच्या भागात हा दोष उन्हाळ्यात बळावतो, आणि त्याचे कारण मातीत आहे. मांजरा व गोदावरी यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन ओलावा असेपर्यंत वीज उत्तम वाहून नेते. पण फाल्गुन-चैत्रापासून ती आकसते, भेगाळते, अर्थिंगच्या नळीपासून सुटते, आणि पावसाळ्यात निर्दोष ठरलेले अर्थिंग मे महिन्यात नावापुरते उरते. खड्ड्यात मीठ व कोळसा भरावा, उन्हाळाभर त्यात पाणी घालावे, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामधील दाब मल्टिमीटरने मोजून तो दोन-तीन व्होल्टांच्या आत आहे ना हे पाहावे, एवढा हा उपाय आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला असे सांगताना जीभ जड होते हे खरे. परंतु भांडी विसळलेले पाणीही त्या कामाला चालते.

वळवाच्या पावसात वीज कोसळते तेव्हा संगणकाचा प्लग काढणारे पुष्कळ असतात, पण दूरध्वनीची वा केबलची तार काढण्याचे बहुतेकांना सुचत नाही, आणि त्या तारेतून आलेला आघात मॉडेममार्गे थेट मदरबोर्डापर्यंत जातो. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप वीज पडण्याची पूर्वसूचना देते. ते शेतकऱ्यांसाठी आहे तसेच सेवा केंद्र चालविणाऱ्यांनीही वापरावे. उष्णता आणि धूळ यांच्याबाबत थोडक्यात इतकेच की, यूपीएसमधील शिशाच्या बॅटरीचे आयुष्य पंचवीस अंशांच्या पुढे दर दहा अंशांना जवळजवळ निम्मे होते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर राहतो. म्हणून यूपीएस बंद कपाटात कोंडून ठेवणे म्हणजे त्याची बॅटरी वर्षभरात मारणे होय. जिनिंगच्या आसपासच्या दुकानांत पंख्यात कापसाचे तंतू गुंतून प्रोसेसर तापतो आणि यंत्र मंदावते. तेथे ब्लोअरने सफाई आणि थर्मल पेस्टचा नवा थर एवढेच पुरते. रॅमच्या सोनेरी दातांवर चढलेली काळी पुटे साध्या खोडरबराने निघतात. यंत्राचे घड्याळ वारंवार मागे जात असेल आणि त्यामुळे बँकेची वा सरकारी संकेतस्थळे 'सुरक्षित नाहीत' म्हणून उघडत नसतील, तर मदरबोर्डावरील नाण्याएवढी तीन व्होल्टांची बॅटरी बदलावी. कारण संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत संगणक आपल्याच घड्याळाशी ताडून पाहतो, आणि ज्याच्या लेखी आज पंधरा वर्षांपूर्वीचा दिवस आहे त्याला ते प्रमाणपत्र अजून अंमलात न आलेले दिसते. या एका बॅटरीपायी नवी विंडोज टाकून घेतलेली माणसे मी पाहिली आहेत.

इंटरनेट चालत नाही या तक्रारीचा बराचसा भाग रस्त्याच्या कामांशी निगडित आहे; तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, लोहा करीत नांदेडकडे जाणाऱ्या महामार्गासारखे मोठे रस्ते रुंद होत असताना खणणाऱ्या यंत्राखाली केबल तुटते, आणि त्यावर गावातल्या कोणाचाही इलाज चालत नाही. घरातल्या घरात वायफाय पोहोचत नसेल तर मात्र कारण भिंतीत शोधावे. जुन्या वाड्यांच्या हात-हात रुंदीच्या दगडी भिंती आणि मातीचे माळवद यांतून पाच गिगाहर्ट्झची लहर पार होत नाही, अडीचच्या आसपासची त्यामानाने होते; म्हणून राउटर चौकाच्या बाजूने उंचावर ठेवावा आणि आतल्या खोलीतील यंत्राला जुन्या लहरीवर जोडावे.

आता लिपीचा प्रश्न. हा प्रश्न मराठी माणसाचा स्वतःचा आहे आणि त्याने आमच्या कचेऱ्यांतील जेवढे श्रम वाया घालविले आहेत तेवढे दुसऱ्या कोणत्याही संगणकी दोषाने घालविले नसतील. गोदरेजच्या यंत्रावर टंकलेखन शिकलेल्या पिढीला संगणकावर तीच कळांची मांडणी हवी होती, आणि ती देण्यासाठी कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, आयएसएमचे सुरेख इत्यादी टंक बाजारात आले. यांतील कृतिदेवासारख्या टंकांची युक्ती अशी की, संगणकाच्या स्मृतीत साठते ते इंग्रजी अक्षर आणि पडद्यावर दिसते ते देवनागरी चित्र. 'मराठी' हा शब्द कृतिदेवात लिहिला तर फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरेच नोंदलेली असतात. तो टंक ज्या संगणकावर आहे तेथे मजकूर शुद्ध मराठीत वाचता येतो, आणि नाही तेथे त्याचा निरर्थक इंग्रजी अक्षरांचा राडा होतो. तहसिलीतून जिल्हा कचेरीला गेलेली यादी, वकिलाने छापखान्याला दिलेला मसुदा, शाळेने शिक्षण खात्याला पाठविलेला तक्ता, सगळ्यांची हीच कथा. आणि कोणत्याही यादीत नाव शोधावयाचे झाले तर ते सापडत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने तेथे मराठी नाव नसतेच.

या गोंधळाचा उपाय फार पूर्वी उपलब्ध झाला होता, ही यातील खेदाची बाजू. पुण्याची सी-डॅक संस्था १९८८ सालची. भारतीय लिप्यांसाठी संकेतांचे राष्ट्रीय मानक आणि इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. विंडोजच्या २००० च्या आवृत्तीपासून युनिकोड मराठी कोणताही टंक विकत न घेता लिहिता येते. तरीही आमच्या जिल्ह्यांतील कितीतरी टेबलांवर आजही कृतिदेवच चालते, कारण बोटांना लागलेले वळण सुटत नाही आणि जुन्या नमुन्यांच्या फाइली त्यातच आहेत. ज्यांना जुनी मांडणी सोडवत नाही त्यांच्यासाठी त्याच मांडणीने युनिकोड लिहिणारे कळफलक आहेत, आणि जुना मजकूर पालटून देणारी परिवर्तके आहेत. परंतु परिवर्तकाने दिलेला मजकूर डोळ्यांखालून घातल्याशिवाय स्वीकारू नये, कारण रफार, जोडाक्षरे आणि 'ऱ्य' या ठिकाणी ती हमखास चुकतात. एका कचेरीतील एका कारकुनाने आठवडाभर नेटाने इन्स्क्रिप्टचा सराव केला की बाकीचे त्याच्याकडून शिकतात, हा माझा अनुभव मी ठामपणे सांगू शकतो.

विषाणूंचा काळ आता बदलला असला तरी त्याची एक आठवण उपयोगाची आहे. इंटरनेट तुटपुंजे असताना आमच्याकडे संसर्ग पेनड्राइव्हने पसरे : झेरॉक्सच्या दुकानातून वसतिगृहात, तेथून महाविद्यालयात, आणि परत दुकानात. लातूरला शिकवण्यांसाठी राज्यभरातून मुले येतात, आणि एकेका दुकानाचा संगणक दिवसभरात कितीतरी पेनड्राइव्ह गिळतो. पेनड्राइव्ह लावताच आपोआप कार्यक्रम सुरू करण्याची विंडोजची सोय हे त्या प्रसाराचे मुख्य द्वार होते, आणि २०११ च्या सुरुवातीस मायक्रोसॉफ्टने ते बंद केले. त्यानंतरही 'शॉर्टकट व्हायरस' राहिला; यात सगळे फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसतात आणि विद्यार्थी रडवेला होऊन प्रकल्प गेला म्हणतो. प्रत्यक्षात फाइली जागच्या जागी असतात, त्यांना केवळ 'लपविलेली' असा गुणधर्म चिकटविलेला असतो, आणि 'ॲट्रिब' ही एका ओळीची आज्ञा देऊन तो काढला की सगळे परत दिसू लागते. अशा पेनड्राइव्हला फॉरमॅट करणे हा अन्याय आहे. त्याचप्रमाणे चुकून पुसलेली फाइल साध्या हार्डडिस्कवरून लगेच नाहीशी होत नाही, तिच्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती परत मिळू शकते. म्हणून पुसल्याचे ध्यानात येताच त्या डिस्कवर काम थांबवावे. नव्या एसएसडीवर ही सवलत नाही, कारण ती पुसलेली जागा स्वतःच रिकामी करून टाकते. पुण्यात कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी दुरुस्तीला येणाऱ्या संसर्गित यंत्रांवर उपाय शोधता शोधता 'क्विक हील' हे विषाणूनाशक उभे केले, ही गोष्ट आमच्या व्यवसायातील तरुणांना मी आवर्जून सांगतो, कारण ती दुरुस्तीच्या टेबलावर सुरू झालेली आहे.

येथवर ज्या अडचणी सांगितल्या त्या मनुष्याच्या सोयीच्या होत्या. यापुढच्या त्याच्या हक्काच्या आहेत. आधार ओळखपत्राचे वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी सुरू झाले, आणि पुढच्या दहा वर्षांत रेशनच्या दुकानापासून कर्जमाफीपर्यंत सर्वत्र बोटाचा ठसा हीच माणसाची ओळख ठरली. आता मुखेड-कंधार भागातून उसाच्या तोडीला जाणारे मजूर, वीटभट्टीवर राबणाऱ्या बाया, सिमेंट कालविणारे गवंडी आणि सत्तरी ओलांडलेले म्हातारे यांच्या बोटांवरच्या रेषा श्रमाने व वयाने झिजलेल्या असतात, आणि यंत्र त्यांना ओळखण्याचे नाकारते. यात तंत्राचा भाग आहे तेवढा आम्ही सोडवितो : स्कॅनरची काच मऊ फडक्याने पुसावी, तिच्यावर थेट ऊन पडू देऊ नये, कोरडी बोटे धुऊन किंचित ओलसर ठेवावीत, अंगठा न आल्यास दहाही बोटे आजमावावीत, आणि तरीही जमले नाही तर डोळ्यांची बुबुळे, चेहरा वा मोबाइलवरचा ओटीपी यांचा आधार घ्यावा. पण ओटीपीसाठी आधारशी जोडलेला क्रमांक चालू असावा लागतो, आणि येथे दुसरा पेच पडतो. तो क्रमांक पुण्याला गेलेल्या मुलाचा असतो, किंवा रिचार्ज न केल्यामुळे बंद होऊन कंपनीने दुसऱ्याच कोणाला दिलेला असतो. घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाच्या आधारशी कोणता क्रमांक जोडलेला आहे हे आजच पाहून ठेवावे. गरज पडते त्या दिवशी पाहून उपयोग होत नाही.

नावांच्या तफावतीने तर घरेच्या घरे हेलपाटे घालीत आहेत. आमच्या मराठवाड्यात आदराने 'राव' आणि 'बाई' लावण्याची रीत; त्यामुळे बँकेच्या पासबुकात सोपानराव आणि आधारवर सोपान, सातबारावर लक्ष्मीबाई आणि शिधापत्रिकेवर लक्ष्मी. जाधव हेच आडनाव इंग्रजीत एका ठिकाणी शेवटी 'व्ही' लावून आणि दुसरीकडे 'ओ' लावून लिहिलेले. शेख हे तर तीन-चार प्रकारांनी. कारकुनाला हे सर्व एकच माणूस असल्याचे दिसते, यंत्राला ते निरनिराळे दिसतात, कारण ते अक्षराला अक्षर ताडते. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसल्यामुळे पहिली दुरुस्ती घाईने केली जाते आणि मग राजपत्रात नाव प्रसिद्ध करण्याची पाळी येते. म्हणून सर्व कागद समोर मांडून, कोणता दस्तऐवज प्रमाण मानावयाचा हे ठरवून, मगच दुरुस्तीचा अर्ज करावा. बहुधा शाळा सोडल्याचा दाखला प्रमाण धरणे श्रेयस्कर.

जमिनीच्या नोंदींची गुंतागुंत आणखी जुनी आहे. हे जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते. येथील सेतवार, खासरा आणि फेरफार यांतील नोंदी निरनिराळ्या लिप्यांतून व हस्ताक्षरांतून उतरत सातबारावर आल्या, आणि सातबारावरून संगणकात भरताना त्यांत नव्या चुकांची भर पडली. एक गुंठा इकडचा तिकडे, वारसाचे नाव गळालेले, गट क्रमांकातील एक अंक बदललेला. २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन करून अशा चुका शोधण्यात आल्या, आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळू लागला, ही निःसंशय मोठी सुधारणा आहे. राहिलेल्या चुकांसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५५ आहे. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा अधिकार त्याने महसूल अधिकाऱ्यांना दिला आहे, आणि जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल जोडून तहसीलदारांकडे अर्ज करणे हाच येथे खरा इलाज होय. सेवा केंद्रातील मुलावर रागावून तो उतारा बदलत नाही. ई-पीक पाहणीच्या ॲपबाबतही शेतकऱ्यांना एवढे ठाऊक असावे की, रेंज नसलेल्या शेतात नोंद करून रेंजमध्ये आल्यावर ती पाठविता येते. त्यासाठी बांधावर मोबाइल उंच धरून उभे राहण्याचे कारण नाही.

आणि मुदतीचा अखेरचा दिवस. खरिपाच्या विम्याची मुदत सामान्यतः ३१ जुलैला संपते, आणि त्याआधीच्या दोन-तीन दिवसांत सगळ्या राज्याचे अर्ज एकाच संकेतस्थळावर येऊन आदळतात. २०१७ च्या कर्जमाफीच्या अर्जांच्या वेळी शेतकरी जोडप्यांनी केंद्रांपुढे दिवसच्या दिवस रांगा लावल्या त्या पुष्कळांच्या स्मरणात असतील. अशा वेळी 'सर्व्हर डाऊन आहे' हे उत्तर खरे असते आणि केंद्रचालकाच्या हाती काहीही नसते. पहाटे वा रात्री उशिरा प्रयत्न करावा, अर्ज भरताना प्रत्येक टप्प्यावर पडद्याचे छायाचित्र घ्यावे, पैसे कापले गेले पण पावती आली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नये, एवढेच सांगता येते. परंतु तालुकानिहाय वेगवेगळ्या तारखा ठरविणे शासनाला अशक्य नाही, आणि ते का केले जात नाही हे मला आजवर उमगलेले नाही.

जुन्या यंत्रांचे काय करावे हा प्रश्न सध्या दारात उभा आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि आमच्याकडील शाळांत व दुकानांत असलेल्या संगणकांपैकी पुष्कळ यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ती भंगारात घालण्याचे कारण नाही. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसविली आणि लिनक्सची एखादी हलकी प्रणाली टाकली तर पत्रव्यवहार, हिशेब व इंटरनेट यांसाठी ती आणखी काही वर्षे उत्तम चालतात. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त प्रणालीवर सगळे शिक्षण चालवून दाखविले आहे. मात्र बोटांचे ठसे घेणारी उपकरणे आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लिनक्सवर चालतील याची खात्री केल्याखेरीज सेवा केंद्रांनी हा बदल करू नये. आधार नसलेली प्रणाली इंटरनेटला जोडून ठेवण्याचा धोका काल्पनिक नाही : मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने दीडशेच्या आसपास देशांतील यंत्रे अडविली, आणि त्यापासून बचाव करणारी दुरुस्ती त्याच्या दोन महिने आधीच प्रसिद्ध झालेली होती.

फसवणुकीविषयी थोडक्यात : लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली 'एपीके' फाइल उघडू नये, फोनवरील अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून पडदा दाखविणारे ॲप घेऊ नये, आणि पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० वर फोन करावा, पहिल्या काही तासांत कळविले तर रक्कम वाटेत गोठविता येण्याचा संभव असतो.

आमच्या व्यवसायबंधूंनाही एक गोष्ट सांगणे आहे. दुरुस्तीला आलेल्या यंत्रात त्या कुटुंबाचे सर्वस्व असते; ते उघडून पाहण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि विचारल्याशिवाय पुसण्याचा तर मुळीच नाही. काम झाल्यावर काय बिघडले होते, काय बदलले आणि का बदलले, हे दोन ओळींत लिहून द्यावे. पुढच्या वेळी यंत्र दुसऱ्याकडे गेले तरी त्याला त्या दोन ओळींचा उपयोग होतो.

अशीच दोन ओळींची नोंद शासनाच्या केंद्रांतूनही मिळाली पाहिजे, ही माझी मागणी आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अर्जाची पोच आणि अर्ज नाकारल्यास त्याची लेखी कारणे मिळण्याचा हक्क नागरिकाला आहे. परंतु अंगठा उमटला नाही, ओटीपी आला नाही वा सर्व्हर बंद होता म्हणून जो रिकाम्या हाताने परत जातो त्याचा अर्ज दाखलच होत नाही, आणि मुदत टळल्यावर तो आला होता याचा कोणताही पुरावा उरत नाही. प्रत्येक सेवा केंद्रात व रेशन दुकानात एक नोंदवही ठेवावी. तीत तारीख, वेळ, यंत्राने दिलेला संदेश आणि माणसाची सही वा अंगठा घ्यावा, त्याची शिक्क्यानिशी नक्कल त्याच्या हाती द्यावी, आणि तेवढ्यावर त्याची मुदत वाढवून मिळावी असा हुकूम काढावा. हा हुकूम निघेपर्यंत ग्रामसभांनी ठराव करून अशी वही आपापल्या गावात सुरू करावी, आणि ज्यांना परत पाठविले जाते त्यांनी ती नोंद लिहून घेतल्याशिवाय केंद्राची पायरी उतरू नये.